‘तमाली’च्या तीन चिठ्ठ्या

‘तमाली’ हा शब्द हरवल्याचं कळलं तो मंगळवार होता, सकाळचे साडेअकरा वाजले होते आणि वाचनालयातल्या बाई रबरी शिक्क्याला शाई लावत होत्या. चिठ्ठीकारकून नेहमीसारखे आपलं कार्ड पुढे करून उभे राहिले आणि हिरव्या कव्हरची ती जाड कादंबरी आणखी महिनाभर आपल्या नावावर राहू द्या म्हणाले.

“ती रद्द झाली,” बाई म्हणाल्या.

“रद्द म्हणजे?”

“पाच वर्षांत तुमच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता तिला. तुमच्याकडून परत आली तेव्हा आम्हाला वाटलं, संपली एकदाची वाचून. गठ्ठ्यात टाकली. गठ्ठा कारखान्यात गेला.”

“मी परत केली नव्हती.”

“तुमच्या मेहुणीबाई देऊन गेल्या. झाले की दोन आठवडे.” कारकुनांचा चेहरा पाहून बाईंना वाईट वाटलं असावं. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “वाया नाही जात हो. अंड्यांचे ट्रे करतात त्याचे. चांगले मजबूत होतात.”

कारकून कार्ड खिशात घालून बाहेर आले आणि वाचनालयाच्या पायरीवर बसले. त्या कादंबरीच्या दोनशे अकराव्या पानात तीन चिठ्ठ्या होत्या.

चिठ्ठी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. कारकून एका कोशकचेरीत एकतीस वर्षं नोकरीला होते. कचेरीत शब्दकोश तयार होत असे, आणि एखादा शब्द कोशात घ्यायचा तर त्याच्या तीन चिठ्ठ्या लागत. तीन वेगवेगळ्या माणसांनी तो शब्द आपणहून, बोलण्याच्या ओघात वापरलेला असला पाहिजे. ज्यानं ऐकला त्यानं ते वाक्य जसंच्या तसं चिठ्ठीवर उतरवायचं. बोलणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, फक्त कामधंदा लिहायचा. पढवून घेतलेलं वाक्य बाद. कचेरीतल्या माणसाचं वाक्य बाद. तिनांत एक जरी कमी पडली तरी शब्द बाद. कारकुनांनी आयुष्यात अशा चाळीस हजारांच्या वर चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, आणि लिहिलेलं वाक्य लगेच डोक्यातून काढून टाकायची त्यांना सवय होती. तसं केलं नसतं तर डोकं जाग्यावर राहिलं नसतं.

यंदा कोशाची पुरवणी निघायची होती. तिच्यात लेखकांच्या नावांवरून पडलेली विशेषणं घ्यायचं ठरलं होतं. ‘मृगांक’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकाच्या नायिका दर पाचव्या पानाला अंथरूण धरत, म्हणून जरा खोकला झाला की झोपून राहणाऱ्या बाईला लोक ‘मृगांकी’ म्हणत. ‘कदंब’ यांच्या गोष्टीत आलेला पाहुणा जाण्याचं नावच काढत नसे, त्यावरून ‘कदंबी मुक्काम’. आणि ‘तमाल’. तमालांच्या नऊ जाड कादंबऱ्या होत्या, आणि प्रत्येकीत एका वाक्यानं मिटली असती अशी एक बाब कुणीच ते वाक्य न बोलल्यामुळे चारशे पानं चालत असे. एका कादंबरीत तर नायक दार ठोठावावं की नाही याचा विचार करत बेचाळीस पानं छत्री घेऊन उभा होता. तमाल थोर लेखक आहेत याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. पुढची पानं कुणी वाचली नव्हती एवढंच. पण शब्द मात्र घरोघर पोचला होता.

‘तमाली’च्या तीन चिठ्ठ्यांपैकी एक प्राध्यापकाची होती. ते भाषण छापलेलं होतं, पुन्हा उतरवून घेता आलं असतं. दुसरी कोपऱ्यावरच्या शिंप्याची. तिसऱ्या चिठ्ठीवर बोलणाऱ्याचा कामधंदा ‘गृहिणी’ असा लिहिलेला होता. ती कारकुनांची बायको.

एकदा दुपारी कारकून किल्ली विसरून घरी आले होते. बायको झोपली असेल, तिची झोपमोड नको, म्हणून बेल न वाजवता पाऊण तास जिन्यात उभे राहिले. ती आत जागीच होती आणि हे अजून कसे आले नाहीत म्हणून काळजी करत होती. शेवटी वाट बघायला तिनं दार उघडलं, तर हे समोरच. त्यावर ती जे एक वाक्य बोलली त्यात तो शब्द इतका चपखल बसला होता की कारकुनांनी तिथंच, भिंतीला टेकवून, चिठ्ठी लिहिली. तिनं तमालांचं एक पानही वाचलेलं नव्हतं.

पुढे कचेरीत नवी लोखंडी कपाटं आली आणि खणांची उलथापालथ झाली, तेव्हा या तीन चिठ्ठ्या गहाळ होऊ नयेत म्हणून कारकुनांनी त्या घरी आणल्या आणि तमालांच्याच कादंबरीत ठेवल्या. दोनशे अकराव्या पानापर्यंत कुणी पोचण्याचा धोका नव्हता. मग बायको आजारी पडली, आणि आठ महिन्यांपूर्वी गेली. त्यानंतर कारकुनांनी ते पुस्तक उघडलं नाही. उघडून वाचायचं धाडस झालं नव्हतं, पण चिठ्ठी आत आहे एवढं पुरत होतं. तिचं बोलणं असं तेवढंच एक वाक्य कागदावर होतं. दर महिन्याला ते पुस्तक नव्यानं नावावर लावून घेत.

आता पायरीवर बसून त्यांनी ते वाक्य आठवायचा प्रयत्न केला. त्यात बेल होती, उभं राहणं होतं, तमाली होतं. पण शब्द जागेवर येईनात. एकतीस वर्षांची सवय तिच्या वाक्यालाही लागू झाली होती.

सरळ मार्ग एकच होता. कोशाच्या संपादकबाईंना सांगायचं की चिठ्ठ्या हरवल्या. पण मग कशा हरवल्या ते निघालं असतं, आणि मेहुणी खालच्याच मजल्यावर राहत होती. बहीण गेल्यापासून ती दर बुधवारी वर येऊन घर झाडून जायची. वाचनालयाची मुदतीची सूचना आली असणार, आणि भावोजींच्या डोक्याचा तेवढा एक ताप कमी करावा म्हणून तिनं पुस्तक नेऊन दिलं असणार. आपल्या हातानं बहिणीचं वाक्य कारखान्यात गेलं, हे तिला कळलं तर ती आठवडाभर जेवली नसती. तेव्हा सांगायचं नाही, असं कारकुनांनी ठरवलं. पुढच्या शनिवारपर्यंत संपादकबाईंना तीन चिठ्ठ्यांचा गठ्ठा हवा होता आणि सोमवारी पुरवणी छापायला जायची होती. हातात अकरा दिवस होते. तेवढ्यात दोन माणसांच्या तोंडून ‘तमाली’ आपणहून निघायला हवं होतं. म्हणजे शब्द तरी राहील, आणि तो ऐकता ऐकता कदाचित तिचं वाक्यही आठवेल.

पढवून चालणार नव्हतं. पण प्रसंग असा उभा केला की समोरच्याला दुसरा शब्दच सुचू नये, तर ते नियमात बसत होतं. निदान नियमात तसं कुठे मना केलेलं नव्हतं.

बुधवारी ते जुनी पँट घडी करून काखेत धरून शिंप्याच्या दुकानात गेले. शिंपी तो शब्द मागं एका गिऱ्हाइकाबद्दल बोलला होता. पँट कमरेत घट्ट झाली हे न सांगता ते गिऱ्हाईक तासभर दुकानात येरझाऱ्या घालत होतं. कारकून यंत्रासमोर उभे राहिले आणि काही बोलले नाहीत. शिंप्यानं मान वर करून पाहिलं, काय हवं विचारलं, उत्तर आलं नाही. पाच मिनिटं गेली. शिंप्यानं रेडिओ बंद केला. आणखी पाच मिनिटं गेली. त्यानं स्टूल पुसून पुढे सरकवलं. कारकून बसले नाहीत, त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. शिंप्यानं चहा मागवला. चहा पिऊन झाला. मग शिंपी उठला, गळ्यातली टेप काढली आणि हलक्या हातानं त्यांचं माप घेऊ लागला. सवयीनं कारकुनांचे हात वर गेले.

“कमरेत चार इंच गेलात हो, साहेब,” शिंपी म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “काही बोलू नका. वहिनींनी पडद्याचं कापड दिलं होतं तेव्हा म्हणाल्या होत्या, ह्यांच्या मापाकडे लक्ष असू द्या.”

कारकून दोन पँटी आणि एक शर्ट शिवायला टाकून परत आले. शब्द मिळाला नाही.

त्याच संध्याकाळी मेहुणी पर्सची चेन बदलायला दुकानात गेली, आणि साहेबांची वाचा गेल्याचं शिंप्यानं तिला गंभीरपणे सांगितलं.

कारकुनांना याचा पत्ता नव्हता. दोन दिवस विचार करून त्यांचं असं मत झालं की शिंप्याकडे प्रसंगच चुकला. मूळ प्रसंग दाराचा होता, तेव्हा दारच हवं. शुक्रवारी चार वाजता ते रिकामी वाटी घेऊन मेहुणीच्या दारापुढे उभे राहिले. बेल त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर होती. पस्तीस मिनिटं झाली. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाली गेले, भाजी घेऊन परत वर आले आणि दोन्ही वेळा काय बोलावं न सुचून भिंतीला चिकटून गेले. अखेर मेहुणीनं कचरा ठेवायला दार उघडलं.

तिचा चेहरा एकदम उतरला. ती कारकुनांकडे बघत राहिली, मग वाटीकडे. आता शब्द येतोच, असं कारकुनांना वाटलं.

“भावोजी,” ती अगदी हळू म्हणाली, “तुमचं घर वरती.”

तिनं वाटी काढून घेतली, त्यांचं कोपर धरलं आणि एकेक पायरी मोजत वर आणलं. आपल्याकडच्या किल्लीनं दार उघडलं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं सांगितलं की हे तुमचं घर. एक वाक्य बोललो तर हे सगळं मिटेल, हे कारकुनांना कळत होतं. पण ते वाक्य म्हणजे पुस्तकाची गोष्ट, आणि ती गोष्ट म्हणजे हिचं आठवडाभर न जेवणं. ते गप्प राहिले. मेहुणी खाली जाऊन फोनला बसली.

रविवारी मुलगी बॅग घेऊन आली. कारकुनांना आनंद झाला, कारण ती कामाच्या धबडग्यात वर्षातून दोनदाच यायची. कशी काय अचानक आलीस, असं त्यांनी विचारलं. सहज आले बाबा, असं ती म्हणाली आणि नजर चुकवून स्वयंपाकघरात गेली. तासाभरानं कारकून पाणी प्यायला आत गेले तर प्रत्येक डब्यावर कागदाची पट्टी चिकटवलेली. साखर. मीठ. पीठ. शेगडीवर ‘आधी बंद करा’. दाराच्या आतल्या बाजूला ‘किल्ली घेतली का’ आणि बाहेरच्या बाजूला ‘हे बाबांचं घर’. न्हाणीघरातल्या आरशावर, बरोबर चेहऱ्याच्या खाली, पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं, ‘बाबा’.

कारकुनांनी सगळ्या पट्ट्या वाचल्या. जन्मभर चिठ्ठ्या लिहिलेल्या माणसाला त्यातली शिस्त आवडली. फक्त एकीवरही, कोशाला लागतं तसं, आधाराचं वाक्य नव्हतं.

मंगळवारी मुलगी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. सहज रक्तदाब बघू, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी वार विचारला, महिना विचारला, मग तीन शब्द सांगितले, सफरचंद, छत्री, पूल, आणि पाच मिनिटांनी ते परत म्हणायला लावले. कारकुनांनी ते लिंग आणि अनेकवचनासह म्हणून दाखवले. शिवाय डॉक्टरांचा क्रम चुकल्याचंही नम्रपणे सांगितलं. वर्णक्रमानं छत्री आधी, मग पूल, सफरचंद शेवटी. डॉक्टरांनी मुलीला बाहेर नेऊन सांगितलं की तुमच्या वडिलांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे. मनात काहीतरी धरून बसलेत, ते काय आहे एवढं त्यांना विचारा. तोंडावर विचारायची आमच्या घरात पद्धत नाही, असं मुलगी म्हणाली. ती पद्धत तिची आई गेल्याबरोबर घरातून गेली होती.

मुलीनं डॉक्टरांचा सल्ला मानण्याऐवजी कचेरीत फोन केला. संपादकबाई कारकुनांच्या हाताखाली काम शिकल्या होत्या आणि त्यांच्याबद्दल त्यांना फार आदर होता, म्हणून त्यांनीही काही विचारलं नाही. त्यांनी कारकुनांची खुर्ची आपल्या टेबलाशेजारी आणून ठेवली आणि त्यांच्याकडे पेन्सिलींना टोकं काढायचं काम दिलं. गठ्ठा मागायचा तर माणूस दुखावेल, न मागावा तर पुरवणी अडेल. बाई दिवसातून तीन वेळा ‘त’च्या खणाशी जाऊन परत येत. गुरुवारी त्यांनी कारकुनांच्या देखत खण उघडला. आत ‘तमाली’च्या जागी मोकळी फट होती. त्यांनी फटीकडे पाहिलं, कारकुनांनी फटीकडे पाहिलं, मग बाईंनी खण सावकाश ढकलून बंद केला.

“आज उकडतंय, नाही?” त्या म्हणाल्या.

“हो,” कारकून म्हणाले, आणि आधीच अणकुचीदार असलेल्या पेन्सिलीला पुन्हा टोक काढलं.

शनिवारी कचेरीला सुट्टी होती. दहाच्या सुमारास शिंपी कपडे घेऊन घरी आला. एरवी तो गिऱ्हाइकाला दुकानात बोलवायचा, पण साहेबांना वाट सापडेल की नाही अशी त्याला शंका होती. मुलीनं त्याला बसवलं. तेवढ्यात मेहुणी चौकशीला वर आली. ती बसते न बसते तोच बेल वाजली, आणि दारावरची ‘हे बाबांचं घर’ ही पट्टी वाचत संपादकबाई आत आल्या. इकडून जात होते म्हणून आले, असं त्या म्हणाल्या. त्यांचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

पाच माणसं बाहेरच्या खोलीत बसली. मुलीनं ट्रेमधून चहा आणि साखरेचा डबा आणला. कपात साखर कमी आहे असं कुणाच्या मनात आलं असेल तरी कुणी बोललं नाही. शिंप्यानं पंख्याचा आवाज येतो म्हणून सांगितलं. संपादकबाईंनी पंखा चांगला आहे म्हणून सांगितलं. मग सगळे पंख्याकडे बघत बसले. संपादकबाईंना गठ्ठ्याबद्दल विचारायचं होतं, मुलीला मनातल्या गोष्टीबद्दल विचारायचं होतं, शिंप्याला साहेब बोलतात कसे ते ऐकायचं होतं. मेहुणी ओढणीच्या टोकाला गाठी मारत होती आणि सोडत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चहावर साय धरली. कारकुनांना त्या दिवशी काही घडवून आणायचं नव्हतं. अकरा दिवस संपले होते आणि सोमवारी शब्द जाणार, हे त्यांनी मनाशी कबूल केलं होतं.

मेहुणी एकदम म्हणाली, “अर्धा तास झाला पंख्याकडे बघतोय आपण. ह्यालाच तमाली म्हणतात ना?”

कारकून आणि संपादकबाई दोघंही खुर्चीत पुढे सरकले आणि दोघंही तितक्याच नाइलाजानं मागे टेकले.

“काय झालं?” मुलगी म्हणाली.

“हे धरता येत नाही,” संपादकबाई म्हणाल्या. “त्यांनी शब्दाबद्दल विचारलं. शब्द वापरला नाही.”

मेहुणीचा संयम तिथं संपला. “धरता येत नाही म्हणजे काय? माणसं बसलीत की दगड? मला नाही जमत असलं तमाली बसणं. भावोजी, पुस्तक मी परत दिलं.”

कारकुनांचा हात खिशाकडे गेला. चिठ्ठी नव्हती. त्यांनी ट्रेमधल्या डब्यावरची ‘साखर’ ही पट्टी ओढून काढली आणि तिच्या मागच्या बाजूला मेहुणीचं वाक्य लिहून काढलं. खाली कामधंदा लिहिला, पाळणाघर चालवणे. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, “माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तू दिलंस ते. मागच्या आठवड्यात, मंगळवारी कळलं.”

“आणि बोलला नाहीत?”

“तुला लागेल म्हणून.”

मेहुणीनं ओढणी सोडली. “मला तर दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं होतं. आत चिठ्ठ्या आहेत, मी झाडताना पाहिल्या होत्या. तशीच धावत गेले परत, तर गठ्ठा गेलेला. तेव्हापासून तुमच्यासमोर यायची हिंमत होत नव्हती. मग तुम्ही ती वाटी घेऊन दारात उभे राहिलात. मला वाटलं, जाब विचारायला आलात आणि तोंडानं विचारवत नाही तुम्हाला. खरं सांगू? तुमची आठवण चालली असं मीच ठरवलं. ती जात असेल तर सुटले, असं वाटलं मला. म्हणून हिला फोन केला.”

“मावशी,” मुलगी म्हणाली, “मी रजा टाकून आले.”

“मग चार दिवस राहिलीस ना बापाजवळ? बरंच झालं.”

शिंपी इतका वेळ एकाकडून दुसऱ्याकडे बघत होता. साहेबांना बोलता येतं, आठवतं आणि घरही सापडतं, हे ध्यानात येताच त्याला आपला चहा आणि आपले अश्रू दोन्ही आठवले. “म्हणजे तुम्ही धडधाकट होता?” तो म्हणाला. “साहेब, तीस वर्षं मशीन चालवतोय. असलं तमाली गिऱ्हाईक नाही पाहिलं. मी त्याच दिवशी म्हणणार होतो, पण दुःखातल्या माणसाला कसं म्हणायचं, म्हणून गिळलं.”

या वेळी संपादकबाईंनी लिहिलं. त्यांच्या पर्समध्ये कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. प्राध्यापकांचं एक, मेहुणीचं एक, शिंप्याचं एक. तीन झाल्या. ‘तमाली’ कोशात राहिला. शिंप्यानं आपली चिठ्ठी मागून घेऊन वाचली आणि ‘मशीन’च्या आधी ‘शिलाई’ घाला म्हणाला. आता बदलता येत नाही, असं बाईंनी त्याला सांगितलं.

कारकून तिकडे बघत नव्हते. ते मेहुणीकडे बघत होते.

“झाडताना तू चिठ्ठ्या पाहिल्यास,” ते म्हणाले. “वाचल्यास का?”

“एकच. ‘गृहिणी’ लिहिलेली. ताईचा आवाजच आला त्यातून.”

“काय होतं तिच्यावर?”

मेहुणीनं डोळे मिटले, मान थोडी तिरकी केली, बहिणीसारखी, आणि म्हणाली, “अहो, हात आहेत ना? बेल वाजवायची सोडून हे कसलं तमाली उभं राहणं?”

कारकुनांच्या डोळ्यांपुढे जिना आला, अर्धवट उघडलेलं दार आलं, तिच्या हातातलं फडकं आलं. ‘हात आहेत ना’ हे तर ते साफ विसरले होते. मग म्हणाले, “‘हे काय.’”

“काय काय?”

“‘हे कसलं’ नाही. ‘हे काय तमाली उभं राहणं.’ आता आठवलं.”

“मी वाचलंय, भावोजी. ‘कसलं’ होतं. ताई कसलंच म्हणायची. लहानपणापासून.”

“लहानपणी म्हणत असेल. माझ्यापाशी ती ‘काय’ म्हणायची.”

दोघांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी रडत होती आणि हसतही होती. “आई दोन्ही म्हणायची,” ती म्हणाली.

संपादकबाईंनी चौथी चिठ्ठी काढली. तीन पुरेशा होत्या, पण चौथी घ्यायला मनाई नव्हती. त्यांनी शब्द लिहिला, कामधंदा लिहिला आणि वाक्य निम्म्यापर्यंत लिहून पेन उचललं. “ऐकणारे तुम्ही,” त्या कारकुनांना म्हणाल्या. “तुम्ही सांगाल ते.”

“‘काय’ म्हणाली असावी.”

“‘असावी’ चालत नाही. तुम्हीच शिकवलंत मला.”

“मग दोन्ही लिहा. मध्ये ‘किंवा’ घाला.”

“माणूस बोलताना ‘किंवा’ घालत नाही,” बाई म्हणाल्या. त्या बरोबर होत्या, आणि हेही कारकुनांनीच शिकवलं होतं.

सोमवारी पुरवणी छापायला गेली. चौथ्या चिठ्ठीसाठी ‘त’चं एक पान तेवढं मागे ठेवलं आहे. छापखान्याचा माणूस एक दिवसाआड फोन करतो, आणि संपादकबाई त्याला आज उकडतंय असं सांगतात. मेहुणी जेवते आहे. पण भेटली की ‘कसलं’ एवढंच म्हणून पुढे जाते. मुलगी परत जाताना डब्यांवरच्या पट्ट्या काढायला विसरली. आरशावरचीही तशीच आहे.

संध्याकाळी कारकून कचेरीतून आले की किल्ली हातात धरून थोडा वेळ आपल्याच दारापुढे उभे राहतात. ते वाक्य एकदा असं म्हणून बघतात, एकदा तसं. एखाद्या दिवशी हे बरोबर वाटतं, एखाद्या दिवशी ते. मग आत जातात. चौथी चिठ्ठी त्यांच्या टेबलावर आहे. तिच्यावरचा एक शब्द लिहायचा अजून राहिला आहे.